रॉस्कोचा शेवटचा सामना

रॉस्कोची ही हकीकत टाइप करायची की नाही म्हणत त्याच्या मित्राने, ॲल्विनने, दोनदा कागद टाइपरायटरमधून ओढून काढला होता. पण राग काही उतरेना. झालं असं, की ओहायोतल्या त्यांच्या कॉलेजच्या गावच्या स्टेशनवर, तिकिटाच्या रांगेत, त्याच्या पुढे कॉलेजचे दोन माजी विद्यार्थी बोलत होते.

“रॉस्को टिब्स शनिवारच्या फुटबॉल सामन्यात खेळणार नाही म्हणे?”

“दक्षिणेतला संघ येतोय ना. समोर काळा पोरगा असला की ते मैदानातच उतरत नाहीत.”

“मग नका उतरू म्हणावं! चार वर्षं त्याच्याच जिवावर जिंकलो ना आपण?”

“पाहुण्यांचा मान राखायला नको?”

“आणि त्याचा मान? शेवटचा सामना आहे त्याचा!”

“अरे, त्यांनीही मोठेपणा दाखवलाय. आपण एक बाहेर बसवला, म्हणून तेही त्यांचा एक भिडू बसवणार. फिट्टंफाट.”

“कुठला भिडू?”

“ज्याचा घोटा मुरगळलाय तो.”

“वा! लंगडा बसवून वर उपकार!”

“हळू बोल. पाण्याची बादली घेऊन कडेला उभं राहायची परवानगी दिलीय रॉस्कोला.”

ॲल्विन रांग सोडून तडक रॉस्कोच्या खोलीवर गेला. रॉस्को बूट पुसत बसला होता.

“आई येतेय रे. मला खेळताना पहिल्यांदाच बघणार होती. तिला काय सांगू?”

“काही सांगू नकोस. चांगला कोट घाल आणि पहिल्या रांगेत तिच्याशेजारी बस. बादली मी उचलतो. तू का खेळत नाहीस असं कुणी विचारलं, तर खरं कारण मैदानातून ओरडून सांगेन. शब्द आहे माझा.”