कानातली सासू

मी मूळची कुणकेश्वरची नव्हे, लग्न होऊन इथे आले. बाप इन्सुलीला तपासणी नाक्याजवळ चहा विकायचा, ट्रकवाल्यांशी वाद घालतच मी वाढले, त्यामुळे जीभ पहिल्यापासून धारेची. सासर मासेमारीचं. सासूनं उंबऱ्यावर मला बघितलं आणि म्हणाली, हिका मासळीचो वास सोसतलो काय? तेवढंच मनाला लागलं, ते आजपर्यंत. दुसऱ्याच महिन्यात टोपली घेतली, पहिल्या एस.टी.नं जामसंड्याला गेले आणि बाजारात बसले. कोणी शिकवलं नाही, पाठीवर हात कोणी ठेवला नाही. सासू वाडीभर सांगायची, सून तोंडाची वाईट, आणि मी रोज संध्याकाळी रिकामी टोपली मुद्दाम तिच्यासमोर उपडी घालायचे.

काय सांगू तुम्हाला, बाजारात दिवसाची पहिली विक्री, तिला आम्ही भवानी म्हणतो, ती हसत झाली की दिवस सरळ जातो. माझी रोज व्हायची. मारियाबाई म्हणून शिक्षिका होत्या, शाळेत जायच्या आधी येत, बांगडे घेत, एका शब्दानं भाव करत नसत. शेजारणी म्हणायच्या, हिचो हात बरो. मलाही तेच वाटायचं, माझा हात.

सासू गेली. जायच्या आधी वाडीतल्या सायलीनं, ती नाटक शिकते, साऱ्या म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाईलात भरून घेतलं होतं. यंदा म्हणाली, काकी, हे आपण वाडीसमोर करूया, कानातल्या इयरफोनात त्यांचा आवाज चालू राहणार, तो बोलेल तसं आपण बोलायचं, खोकला आला तर खोकायचं. मी विचारलं, सासूचं कोण करणार? म्हणाली, ठरायचंय. म्हटलं, मीच करणार. सासू मेल्यावरही चारचौघांत माझी धिंड काढणार हे मला ठाऊक होतं, दुसरी कोणी असती तर सगळं बोलली असती, मी निदान नको ते गिळलं असतं. सायली म्हणाली, पण आधी ऐकायला देणार नाही, तू उत्तरं तयार करून येशील. पोरगी माझ्याहून पक्की.

देवळाच्या अंगाला वाळूत, दिवस कलताना, वाळत घातलेल्या जाळ्यांआड मी बसले, पलीकडे सगळी वाडी. कानात सासू आली. तिच्या आवाजामागे समुद्र होता, आणि माझ्यासमोरही समुद्र होता, कुठला कोणता ते कळेना. ती श्वास घ्यायची तिथे माझा श्वास जायचा. हात आपोआप तिच्यासारखे गुडघ्यांवर आले. मी तिच्या तोंडानं बोलले, सून माझी तोंडान वायट, एक दिवस माका पण बाजारात इकून येतली. सगळी वाडी हसली.

मग कानात ती हळू झाली. म्हणाली, पण पोर एकटी बाजारात बसता. मारियाबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक, तेंका जाऊन सांगितलंय, बाये, पयली भवानी माझ्या सुनेक दी, घासाघीस करू नको.

हे मी अजून मोठ्यानं बोलले नव्हते. कानात ती पुढे चालली होती. गिळून टाकायची संधी हीच होती, कोणाला कळणार होतं? जाळी वाऱ्यानं हलत होती, त्यांतून माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसत होती. सासू कानात खोकली. मीही खोकले, आणि राहिलेलं सगळं बोलले, शेवटचंसुद्धा, तिका सांगू नको हां गो सायली, भांडतली माझ्यावांगडा.

आता कोणी हसलं नाही.

अजून बाजारात बसते. मारियाबाई काठी टेकत येतात, भाव करत नाहीत. मी म्हटलं, बाई, एकदा तरी करा. त्या म्हणाल्या, तुझ्या सासूक शब्द दिलंय गो. माझा राग गेलेला नाही. जिवंतपणी सांगितलं असतं तर चांगली कडकडून भांडले असते तिच्याशी. आता संध्याकाळी टोपली धुते आणि पडवीत सरळ ठेवते. जिथे असेल तिथे सुखात राहू दे म्हातारी.