मनिषच्या नावाचं वारंटी कार्ड

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारा जुनी गिटार विकत होता. घेणारी मुलगी कॉलेजातली वाटली.

"वारंटी आहे का काका?"

"हाये ना बेटा. सात महिने बाकी हायेत. हे कार्ड पाय."

"याच्यावर तर मनिष नाव आहे."

"माहा पोरगा."

"मग तक्रार केली की कंपनी आधी त्यालेच फोन लावते. मनिष आहे का म्हणून विचारते."

"लावू दे ना. त्याचा मोबाइल चालूच हाये."

"पण तो उचलेल ना?"

"पोळ्याले बैल धुवाले तो कारधा गावाजवळ नदीत उतरला. बैल तेवढे बाहेर निघाले."

"मग मोबाइल कोणाजवळ असते काका?"

"त्याच्या मायजवळ. रोज चार्ज करते."

"कार्ड राहू द्या तुमच्याजवळ. मी गिटार तशीच नेते."

"तशी नको नेऊ, कार्ड संग घे. रेशनकार्डातून त्याचं नाव कटलं. आता मनिष आहे का म्हणून कोणी विचारतच नाही."

"ठीक आहे काका. द्या."

"काही बिघडलं नाही तरी एखादी तक्रार करजो, बेटा."