एका दुपारचा खर्च

पुलेंग : तुला नवीन काही करायचं नाहीये, मामा. जन्मभर करत आलायस तेच कर. थाप मार. फक्त या वेळी माझ्या बाजूनं.

मोलेफे : थाप? मी? अख्ख्या एव्हॅटनमध्ये कुणालाही विचार. मोलेफे मेकॅनिक गाडीचा आजार कधी चढवून सांगत नाही. बरी कशी केली, तेवढं चढवून सांगतो.

पुलेंग : मग आज आजार चढव. आईला सांग, ती गिरक्या मारायची जुनी गाडी, गुशेशे, ठेवली तर वर्षाला खर्च अमुक आणि गोल्फ ठेवली तर तमुक. गुशेशेचा आकडा एवढा फुगव की आई स्वतःच म्हणेल, विकून टाका.

मोलेफे : दोन्ही गाड्या मोखेथीच्याच ना? तुझ्याच भावाच्या. मग एकीलाच का शिव्या घालायच्या?

पुलेंग : गोल्फ त्यानं दुरुस्त करून विकायला आणली होती. तिच्यात त्याचं काही नाही. गुशेशेचं निराळं आहे. तुला माहितीये, आई रोज संध्याकाळी कुठे असते? त्या गाडीत. चालवता येत नाही तिला. शेजारच्या सीटवर बसते, काचा वर करून, त्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून. मी तिचं ताट झाकून ठेवते आणि सकाळी तेच ताट कुत्र्यापुढे ठेवते. भाऊ गेला, मामा. आता आईसुद्धा त्याच गाडीतून चाललीय.

मोलेफे : हं. गिऱ्हाईक आहे कुणी?

पुलेंग : पोलोक्वानेचा एक माणूस आहे. आज दुपारी येतोय. या जुन्या खोक्याला आता म्हणे सोन्याचा भाव आलाय.

मोलेफे : आलाय खरा. मी पोरगा होतो तेव्हा ही गाडी गोऱ्या साहेबांच्या दारात असायची. मग चोरांच्या हाती आली, मग आपल्या. आता पुन्हा साहेब लोक शोधत फिरतायत, काचेच्या खोलीत ठेवायला. मधली काही वर्षं तेवढी जगली बिचारी.

पुलेंग : तिच्यासमोर असलं काही बोलू नकोस. आली बघ.

(डिसेबो चहा घेऊन अंगणात येते. भिंतीलगत दोन गाड्या उभ्या आहेत.)

डिसेबो : घे मोलेफे. दोन चमचे साखर आहे. तुझी बायको एकच घालते, मला माहितीये.

मोलेफे : म्हणून तर इथे येतो, ताई.

डिसेबो : कुठे येतोस? भाच्याला मातीत ठेवलं त्या दिवशी गेलास, तो आज उगवलास.

मोलेफे : येत होतो गं. कोपऱ्यापर्यंत यायचो. तिथून गाडीचं नाक दिसायचं फाटकातून, आणि मग मला एकदम दुसरं काहीतरी काम आठवायचं.

पुलेंग : आई, मामा गाड्यांचं बोलायला आलाय. दोन दोन गाड्या आपल्याला झेपत नाहीत. मला दवाखान्यात ड्यूटीला जायला एक पुरे. कुठली कमी खाते, ते मामा सांगेल.

डिसेबो : सांगू दे की.

मोलेफे : तर गोल्फ. गोल्फ म्हणजे शहाणी सून. पुढ्यात ठेवाल ते खाते, उरलं तर झाकून ठेवते. टाकी भरलीस की महिना कसा गेला कळणार नाही. तेवढ्याच पेट्रोलात गुशेशे गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल आणि तिथं बसून रडेल.

डिसेबो : एवढी पिते?

मोलेफे : पिते म्हणजे? व्हेरीनिखिंगमध्ये एकाची गुशेशे होती. पंपात शिरायचीसुद्धा नाही. रस्त्यानं नुसती गेली की पंपाचा काटा खाली यायचा. पंपवाल्यानं शेवटी रस्ता बदलायला लावला त्याला.

डिसेबो : आणि टायर?

मोलेफे : गोल्फचे टायर कधी बदललेस ते तुलाच आठवणार नाही. गुशेशेला शनिवारी नवीन टायर घाल, रविवारी चर्चला जाताना तारा बाहेर. एकदा मैदानावर तिचा एवढा धूर झाला की पांढरी शेळी आत शिरली ती काळी होऊन बाहेर आली. मालकानं ओळखलीच नाही. अजून दुसऱ्याच्याच घरी दूध देते.

डिसेबो : ही शेळी मागच्या वेळी गाय होती.

मोलेफे : मध्ये दुष्काळ पडला, ताई.

पुलेंग : पार्टचं सांग, मामा.

मोलेफे : पार्ट मिळत नाहीत, हाच पार्टचा भाव. भंगारवाला आधी तुझ्या तोंडाकडे बघतो, किती कासावीस झालीयस ते मोजतो, मग आकडा बोलतो. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं हेडलाइटच्या जोडीसाठी नवरीच्या बापाला द्यायचे लोबोलाचे पैसे घालवले. नवरीनं दुसरा केला. हेडलाइट मात्र लागतात छान. आणि आमचे पास्टर बघ, त्यांनी जोरकस इंजिनाची जुनी गाडी घेतली. पहिली सर्व्हिसिंग झाली त्या रविवारी उपदेश ऐकला आम्ही, की कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देणं ही देवाची नुसती किमान अपेक्षा आहे.

डिसेबो : म्हणजे दोघींत गुशेशे महाग.

मोलेफे : दुप्पट. छे, तिप्पट. रोज बाहेर काढायची म्हटलीस तर घरदार विकावं लागेल.

डिसेबो : म्हणून तर तो रोज काढत नव्हता.

पुलेंग : आई, राहू दे.

डिसेबो : आठवडाभर मिनीबस, शनिवारी गुशेशे. चालत्या गाडीचं दार उघडून बाहेर लोंबकळायचा, गाडी आपली गरागरा फिरतेय, हा हात सोडून हसतोय. मी इथे चुलीपाशी डोळे मिटून बसायचे. आणि गेला कसा? मिनीबसच्या अपघातात, मागच्या सीटवर. सरळ बसून, पट्टा लावून, डबा मांडीवर घेऊन. पेट्रोल वाचवत होता. तू हिशेबात हुशार ना मोलेफे? काय वाचलं, सांग मला.

मोलेफे : ताई, मी... थापा मारत होतो.

डिसेबो : माहितीये. खरं बोलताना तू अडखळतोस. आज एकदासुद्धा अडखळला नाहीस.

पुलेंग : मीच सांगितलं होतं त्याला. मला ती गाडी या अंगणातून जायला हवीये, आई. मला रोज तुला त्या काचेमागे बघवत नाही.

डिसेबो : तेही माहितीये. तुझ्या पोलोक्वानेवाल्याचा काल फोन आला होता, तू आंघोळीला गेलेलीस. मी म्हटलं, उद्या नको, पुढच्या आठवड्यात ये.

पुलेंग : म्हणजे... विकायला तुझी ना नाही?

डिसेबो : पुढच्या आठवड्यात म्हटलंय ना.

मोलेफे : पण या शनिवारी तर त्याच्या कबरीच्या दगडावरचं कापड काढायचंय. पाहुणे येतील, त्यांना प्यायला आल्याचं गेमेरे करायला घेतलंय म्हणालीस.

डिसेबो : म्हणूनच. मला वर्षाचा खर्च नकोय, मोलेफे. एका दुपारचा सांग.

मोलेफे : एका दुपारचा?

डिसेबो : कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर. टायर फुटेपर्यंत गिरक्या.

पुलेंग : मयतीला तूच नाही म्हणालीस, आई. त्याचे सगळे मित्र टोप्या काढून इथे उभे होते. गिरक्या मारणाऱ्याला धुरातच निरोप द्यायचा असतो, असं सांगत होते. तू म्हणालीस, माझ्या मुलाच्या मातीवर सर्कस नको.

डिसेबो : म्हणाले. मग काय केलं त्यांनी? इंजिन बंद ठेवलं आणि गाडी हातांनी ढकलत नेली, इथून पार कब्रस्तानापर्यंत. एवढी दांडगी पोरं, एक बोललं नाही. चाकाखाली खडी वाजत होती तेवढीच. मला वाटलं, शांत आहे ते बरं आहे. तीच शांतता अजून घरात बसलीय. उठतच नाही.

मोलेफे : तर... मागचे दोन टायर. जुने चालतात त्याला, ते... माझ्याकडे पडलेत. टाकी अर्धी पुरे. क्लच जळेल, बहुतेक. इंजिनाला... इंजिन त्यानं स्वतः बांधलंय, त्याला काही होणार नाही.

डिसेबो : अडखळलास. आता पटलं.

मोलेफे : पण टायर फुटल्यावर गाडी नुसत्या रिमवर फिरते, ताई. पोलोक्वानेवाला मग निम्मी किंमतसुद्धा देणार नाही.

डिसेबो : देईल ती घेऊ.

मोलेफे : बरं. त्याच्या मित्रांना निरोप देतो. भांडतील आपापसात, मी फिरवणार, मी फिरवणार म्हणून.

डिसेबो : त्यांना गोल करून उभं राहू दे. फिरवणार पुलेंग.

पुलेंग : मी? मला कुठे येतं?

डिसेबो : शनिवारी दोघं मैदानावर जायचात. मी इथे मका सोलत बसायचे. त्याच्या हातात असली की गाडी एका दमात वर चढायची. मग मध्येच आवाज बदलायचा. अडायची, थांबायची, पुन्हा हट्टानं वेग घ्यायची. तो तुझा हात. दोघांतलं कोण चालवतंय ते मला कळणार नाही?

पुलेंग : तू कधी बोलली नाहीस.

डिसेबो : बोलले असते तर नाही म्हणावं लागलं असतं.

पुलेंग : माझ्याच्यानं होणार नाही, आई. ती सीट अजून त्याच्या पायांएवढी मागे आहे. मी हलवलेली नाही.

डिसेबो : मीही नाही हलवली. पण तुझे पाय पोचायला हवेत ना. मोलेफे, चहा झाला की ती सीट पुढे घे. मी हात लावते तुझ्याबरोबर.

पुलेंग : गिरक्या मारताना काचा खाली ठेवाव्या लागतात. सगळा धूर आत येतो. जळक्या रबराचा वास बसेल. त्याचा होता तो जाईल.

डिसेबो : तो केव्हाच गेलाय, पोरी. गेले कित्येक दिवस आत बसलं की मला माझाच वास येतो.

मोलेफे : ताई...

डिसेबो : तू चहा पी.

पुलेंग : आणि शनिवारनंतर? गाडी गेल्यावर संध्याकाळी कुठे बसशील?

डिसेबो : घरात बसेन. तू रोज एकटीच जेवतेस. मला दिसतं तिथून.