पुलीचा कौल

नागूबाई : आन मी म्हनते, हातोडी खाली ठेवा, गुंडप्पा. देव हाय त्यो.

गुंडप्पा : आक्का, ही पावर स्टेरिंगच्या पंपाची पुली हाय. सबंध येडशीचे ट्रक माझ्या हाताखालनं गेले, पन पुलीत देव पयल्यांदाच ऐकला.

नागूबाई : गोल हाय, मधी भोक हाय, तोंडातनं चकार शब्द न काढता फिरतंय. देवाला आनखी काय लागतं?

बिराप्पा : माय, सकाळी धाराशिवला गाडीचं पासिंग हाय. पंप गेलाय, स्टेरिंग वळता वळंना. सायबानं एकदा नापास केली की ही जुनी गाडी थेट भंगारात. मग मी काय चालवू? नवा पंप आनलाय, पन जुन्याची पुली निघाल्याबिगर त्यो बसत न्हाय.

गुंडप्पा : आन निघंल कशी? दर खंडेनवमीला आक्कांनी हिच्यावरच नारळ फोडलाय. पानी मुरून गंज, गंजावर हळद, हळदीवर कुंकू. ओढून काढायला पुलर लावला, तर पुलरचंच नख वाकलं.

नागूबाई : न इचारता उठवल्यावर कोन उठंल? कौल लावा. उजवं फूल पडलं तर काढा.

बिराप्पा : लावा मिस्त्री. त्या समोरच्या काचंवरच्या हारातला झेंडू घ्या.

गुंडप्पा : घ्या. एक उजवीकडं, एक डावीकडं.

बिराप्पा : पडंनात.

नागूबाई : इचार करतोय.

गुंडप्पा : आवो, फुलं ग्रीसला चिकटलीत!

नागूबाई : तेच म्हनते मी. सोडायची इच्छा न्हाय त्याची.

बिराप्पा : माय, सकाळपतुर इचार करत बसला तर?

गुंडप्पा : आक्का, देवाला आंगोळ घातली तर चालंल का? डिझेलची.

नागूबाई : अभिषेक म्हना.

गुंडप्पा : अभिषेक.

नागूबाई : मग घाला. पन जरा कोमट करून.

गुंडप्पा : डिझेल चुलीवर ठेवलं, तर देवाच्या आदी आपुनच उठू.

(डिझेल मुरेपर्यंत तिघांचा चहा झाला. मग उजवं फूल घसरत घसरत बिराप्पाच्या चपलेवर येऊन पडलं, आणि देवाचं मन पालटायच्या आत गुंडप्पानं दुसरा पुलर आवळला.)

गुंडप्पा : निघाली! बगा आक्का, एक चरा न्हाय.

नागूबाई : द्या इकडं पदरात. घरी देव्हाऱ्यात बसवते.

गुंडप्पा : आवो, हीच पुली नव्या पंपावर चढवायची हाय!

नागूबाई : उठवलेला देव परत कामाला लावत न्हाईत.

बिराप्पा : माय, दुसरी आनू कुठनं? ह्या मॉडेलची लातूरला न्हाय, सोलापूरला न्हाय.

नागूबाई : आन तरी तुमी म्हनता, देव न्हाय म्हनून.

गुंडप्पा : बिराप्पा, तुझ्या मायला कोर्टात धाडायला पायजे हुतं.

बिराप्पा : पन माय, एवढ्या मोठ्या इंजिनात तुला ही पुलीच कशी घावली?

नागूबाई : पावर बसवायच्या आदी तुझे आप्पा जड स्टेरिंग वढून घरी आले की त्यांचा हात वर हुईत न्हवता. सदरा म्या काढायचा, घास म्या भरवायचा. पावर बसवलं, आन त्या दिशी त्यांनी आपल्या हातानं भाकर मोडली. म्या इचारलं, कुनी केलं हे? त्यांनी बॉनेट उघडून ही फिरती दावली.

गुंडप्पा : आप्पांनी?

नागूबाई : व्हय. बिरा, पंप गेल्यापास्नं गाडी तशीच वढतोयस न्हवं तू?

बिराप्पा : भाडी कोन सोडतंय, माय.

नागूबाई : हात वर कर बगू.

बिराप्पा : आता हितं, मिस्त्रीम्होरं?

नागूबाई : वर म्हनलं मी.

बिराप्पा : एवढाच हुतोय.

नागूबाई : धरा, गुंडप्पा. लावा देवाला कामाला.