फुल्या आणि गोळे

इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरातल्या इस्पितळात माझ्या मागच्या बाकावर संख्याशास्त्राचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची मुलगी बसली होती. मधे भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर.

"वेनिंग, तुझ्या आईनं मला ओळखलं त्या दिवशी फुली, नाही तर गोळा. तीस फुल्या, तीस गोळे. नाणं उडवल्यासारखंच झालं. डॉक्टरांना सांगू, आजार वाढत नाहीये."

"बाबा, तुम्ही नुसत्या खुणा मोजल्यात. क्रम बघा की! फुल्या बहुतेक आधीच्या, गोळे नंतरचे."

"मोजणी हीसुद्धा चाचणीच आहे."

"हवं ते उत्तर देणारी चाचणी निवडायची नाही, असं वर्गात कोण बजावायचं?"

"मीच."

"आणि आजचा चौकोन रिकामा का?"

"सकाळी तिनं मला चहा दिला. म्हणाली, तुमच्या घरी कोण कोण असतं?"