टपालाचं घोडं

लढाईच्या दिवसांतलं सांगतो. थोरला भाऊ पलटणीत, आणि त्याच्या पत्रासाठी आई रोज वेशीपर्यंत जायची. म्हादबा दहिवडीहून टपाल पायी आणायचा. ते लवकर यावं म्हणून गावानं त्याला घोडं घेऊन दिलं, तर टपाल आणखीच उशिरा यायला लागलं!

शेवटी एकदा आईनं आणि मी वाटेतच त्याला गाठलं. डोक्यावर कडब्याचा भारा, खांद्याला टपालाची पिशवी आणि मागनं मोकळं घोडं.

"आरं, बसत का न्हाईस?"

"आक्का, दुष्काळानं त्येच्यात जीव न्हाई. चारा मलाच वाहावा लागतोय."

"मग घरी ठेव की!"

"आवं, घोड्याबिगर टपाल आणायचं न्हाई, असा तुमच्या गावाचाच ठराव हाय!"

पिशवीत भावाचं पत्र निघालं. आईनं ते कनवटीला खोचलं, भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "चल बिगीबिगी, बाकीच्याबी आया वाट बघत्यात."