बर्फ बघायची सवय

हसू नका, पण मला बर्फ सांभाळायला एका मासळीवाल्या मावशींनी शिकवलं.

आम्ही तिघं मित्र पनवेलहून हरिहरेश्वरकडे तंबू घेऊन निघालो होतो. नव्या आइसबॉक्समध्ये मसाला लावलेलं चिकन होतं आणि ते माझ्या ताब्यात होतं. आगरदांड्याला फेरीबोटीत चढेपर्यंत मी झाकण दहा वेळा तरी उघडलं असेल. शेजारी या मावशी बसल्या होत्या, त्यांची थर्माकोलची पेटी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली.

"आत काय हरवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बर्फ टिकलाय का बघतोय."

"बघताय म्हणून तर टिकत न्हाय. माझी पेटी पहाटं भरली, आता दिघीलाच उघडनार."

"आणि आतली मासळी खराब झाली तर?"

"भरताना नीट भरली हाय. मग सारखं कशाला बघायचं?"

दिघीला उतरलो तेव्हा आमच्या चिकनला वास सुटला होता. मावशींच्या पेटीतला बर्फ मात्र शाबूत होता. त्यांच्याकडूनच बांगडे घेतले.

संध्याकाळी ते भाजताना सवयीने मुलीला फोन लावायला गेलो. यंदाच ती पुण्याला हॉस्टेलवर गेलीय. जेवलीस का, पोचलीस का, असे माझे दिवसाला चार फोन, आणि तिचं उत्तर फक्त "हो". मावशी आठवल्या. फोन खिशात टाकला.

तासाभराने तिचाच आला. "बाबा, आज संध्याकाळचा तुमचा फोन नाही. थोडं बोलायचं होतं."

अर्धा तास ती बोलत होती. जेवलीस का, हे मी विचारलंच नाही.